हक्क माझा मोडला, तर दावा माझ्या नावाने का नाही?

माणदेशी

नमस्कार मंडळी. लिहू की नको यात आठ महिने गेले. आज लिहितेय, कारण मुदत संपत आलीय असं कुणीतरी सांगितलं.

माझा धाकटा भाऊ. तालुक्याच्या गावी स्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आठ बाय सहाचा गाळा. एका शनिवारी दिवेलागणीला साध्या कपड्यातले दोघे आले. "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे." भावासमोर एका गिऱ्हाइकाचा फोन उघडलेला होता. बारीक स्क्रू ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने डबीच्या झाकणात मांडून ठेवलेले. ते तसंच टाकून तो उठला. शटर शेजारच्या बांगडीवाल्या मावशींनी ओढलं. पाच मिनिटांचं काम सोमवारी दुपारी दीडला संपलं.

चोरीचे मोबाईल विकणाऱ्या एका माणसाचं आणि माझ्या भावाचं नाव एकच, आडनावासकट. बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं. आधार कार्ड भावाच्या पाकिटातच होतं, ते बघितलं सोमवारी. मधल्या त्रेचाळीस तासांत अटक दाखवली नाही, घरी कळवलं नाही, मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही. मारहाणीबद्दल तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. सोडताना एका कागदावर सही घेतली: चौकशीसाठी बोलावले होते, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

मी वरिष्ठांकडे अर्ज केला. तो चौकशीसाठी त्याच ठाण्यात आला आणि महिन्याभराने कळवलं, 'अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.'

मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. फौजदारी केस झालीच तर ती 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' अशी चालणार, आणि भाऊ तिथे फक्त साक्षीदार. केस करायची की नाही, कुठली कलमं लावायची, पुढे न्यायची की गुंडाळायची, सगळं दुसऱ्याच्या हातात. मला तो वादी म्हणून उभा राहिलेला बघायचाय. कोणत्या अधिकाराने ठेवलंत, हे त्याने विचारावं आणि समोरच्याने शपथेवर उत्तर द्यावं. आपल्याकडे असं करता येतं का?

जुना_वकील

ताई, कायद्याचं नंतर बोलू. उद्या सकाळी आधी एक काम करा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलंय. दरवाजे, कोठडी, व्हरांडा, सगळीकडे. फुटेज अठरा महिने ठेवायचं, आणि काही झालं तरी एका वर्षाच्या आत जाऊ द्यायचं नाही. तुमचे आठ महिने गेलेत. त्या तीन दिवसांच्या तारखा आणि वेळा घालून 'फुटेज जतन करण्याबाबत' असा अर्ज ठाण्यात द्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांना, आणि माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 'तक्रार नाही' या कागदापुढे तुमच्याकडे उभं राहील असं बहुतेक तेवढंच असेल.

आता प्रश्नाचं उत्तर. हो, जाता येतं. पण ही वाट कायदेमंडळाने बांधलेली नाही. कोर्टांनी एकेका खटल्यात पाय रोवून ती पाडली आहे, आणि म्हणून ती अरुंद आहे.

१९४७ सालची गोष्ट. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनं-चांदी विकायला मेरठला आला. पोलिसांनी संशयावरून पकडलं आणि शंभरावर तोळे सोनं मालखान्यात जमा केलं. माणूस सुटला, चांदी परत मिळाली. सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात निघून गेला होता. हे कस्तुरीलाल प्रकरण. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य, पण अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं, म्हणून सरकारवर भरपाईची जबाबदारी नाही. त्याच निकालात कोर्टाने खंत व्यक्त केली आणि कायदा करा असं सुचवलं. विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, हेच म्हटलं होतं. साठच्या दशकात विधेयकं आली आणि बारगळली. तो कायदा आजही नाही.

वाट उघडली ती १९८३ मध्ये. बिहारचा रुदुल शाह. ३ जून १९६८ ला निर्दोष सुटला आणि तुरुंगातून बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ ला. चौदा वर्षं. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. नुसतं 'सोडा' म्हणून भागणार नाही, सरकारने पैसे मोजले पाहिजेत, असं त्यांनी घटनेच्या कलम ३२ खाली सांगितलं. रक्कम पस्तीस हजार, तीसुद्धा तात्पुरती. पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावायची मोकळीक ठेवली.

मग १९९३ चा नीलबती बेहेरा खटला. ओरिसातल्या एका आईचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळावर त्याचं प्रेत सापडलं. आईने कोर्टाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली. दीड लाख रुपये मिळाले. त्याहून मोठं म्हणजे कोर्टाने स्पष्ट केलं की मूलभूत हक्कांच्या बाबतीत सार्वभौम सत्तेची ढाल चालणार नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका महिलेला रात्रभर बेकायदा ठाण्यात ठेवल्याबद्दल अडीच लाख द्यायला लावले. त्रेचाळीस तास ही क्षुल्लक गोष्ट आहे असं कुणाला म्हणू देऊ नका.

माणदेशी

वकीलसाहेब, मनापासून आभार. अर्ज आजच लिहिते. पण मग दिवाणी दावा की हायकोर्ट?

जुना_वकील

दोन्ही दारं आहेत. हायकोर्टात रिट, म्हणजे हक्क मोडल्याची थेट याचिका, केली तर तुमच्या भागाला आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट २०२५ पासून, मुंबईच्या खेपा वाचतील. अडचण अशी की तिथे साक्षीपुरावा होत नाही. पोलीस म्हणतील, दीड तास चौकशी करून सोडलं, हा बघा सही केलेला कागद. तथ्यांवर वाद आला की कोर्ट सांगतं, दिवाणी कोर्टात जा. फुटेज हातात असेल तर रिटमध्ये दम आहे.

दिवाणीत बेकायदा बंदिवासाचा दावा. मुदत फक्त एक वर्ष, सुटल्या दिवसापासून. बहुतेक माणसं इथेच गळतात, कारण वर्षभर तर अर्ज-विनंत्या करण्यात जातं. वरून दिवाणी संहितेचं कलम ८०: सरकारवर दावा लावायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस. हे दोन महिने मुदतीतून वजा मिळतात, पण नोटीस मुदतीच्या आत गेली पाहिजे. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर. ती झेपत नसेल तर नादार म्हणून परवानगी मागता येते. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीत असलेले, अशा काही गटांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे.

मानवी हक्क आयोगही आहे, फी नाही, पण तिथेही एका वर्षाची मुदत, आणि शेवटी हाती येते ती शिफारस.

शिकागोकर

माणदेशीताई, वाचून वाईट वाटलं. मी बावीस वर्षं शिकागोत आहे. तुमच्या भावाच्या प्रश्नाला इथे ज्या खटल्याने उत्तर दिलं तो याच शहरातला, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर १९५८. जेम्स मन्रो नावाच्या कृष्णवर्णीय माणसाच्या घरात पहाटे तेरा पोलीस दार फोडून घुसले. नवराबायकोला अंथरुणातून उठवून विवस्त्र दिवाणखान्यात उभं केलं, सहा मुलं बघत होती. त्याला ठाण्यात नेऊन दहा तास चौकशी केली आणि सोडून दिलं. वॉरंट नव्हतं, आरोपही लावला नाही.

त्याने आधार घेतला तो १८७१ च्या एका कायद्याचा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लानचा धुमाकूळ चालू होता, शेरीफ आणि ज्यूरी त्यांच्याच बाजूचे. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ठरवलं की राज्याच्या अधिकाराखाली कुणी तुमचा घटनात्मक हक्क हिरावला, तर तुम्ही स्वतः केंद्राच्या कोर्टात त्याच्यावर दावा लावायचा. सरकारी वकिलाची वाट बघायची नाही. आज ते कलम १९८३ म्हणून ओळखलं जातं. नव्वद वर्षं ते जवळपास निजून होतं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मन्रोला सांगितलं की हो, या पोलिसांवर तुला दावा लावता येईल. शहरावर मात्र नाही म्हणाले, ते दार १९७८ मध्ये उघडलं.

माझ्या मते खरी गंमत, म्हणजे खरी ताकद, पुढच्या तरतुदीत आहे. १९७६ च्या कायद्याने जिंकलेल्या वादीच्या वकिलाची फी हरणाऱ्याकडून वसूल करायची सोय केली. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये पोलीस वॉरंटशिवाय एका घरगुती पार्टीत घुसले होते. नुकसानभरपाई मिळाली ३३,३५० डॉलर आणि वकिलांची फी ठरली २,४५,४५६ डॉलर. शहर तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८६ मध्ये कोर्टाने फी कायम ठेवली. छोट्या माणसाच्या हक्काला बाजारभावाने वकील परवडत नाही, म्हणूनच ही सोय आहे. तुमच्या तालुक्यात किती वकील त्रेचाळीस तासांची केस पाच-सात वर्षं चालवतील?

निवृत्त_फौजदार

मी चौतीस वर्षं खात्यात काढली, शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. ताई, तुमच्या भावाला जे झालं ते चूक आहे, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. बापाचं नाव न बघता माणूस आणणं हे पोलिसांचं काम नव्हे. मॅजिस्ट्रेटसमोर न नेता चोवीस तासांवर ठेवायचा अधिकार कुणाला नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. १९९० च्या दशकात एका दंगलीच्या बंदोबस्तात मी दोन पोरांना गर्दीतून ओढून गाडीत घातलं. माझ्या मते त्यांचा जीव वाचला. त्यांच्या घरच्यांनी माझ्याविरुद्ध खासगी फिर्याद दाखल केली. नऊ वर्षं तारखा. ड्यूटी संपवून रात्रीची एसटी धरून यायचो, सकाळी कोर्टात. पदोन्नती अडकली. शेवटी सुटलो, पण मुलीचं लग्न ठरत असताना 'केस चालू आहे' हे प्रत्येक घरी सांगावं लागलं. उद्या प्रत्येकाला थेट दावा लावता आला तर ठाण्यातला शिपाई हात बांधून बसेल. तो म्हणेल, गेलो नाही तर बदली होईल, गेलो तर घर विकावं लागेल.

शिकागोकर

फौजदारसाहेब, तुमचं म्हणणं इथल्या कोर्टांनी इतकं मनावर घेतलं की कायद्याची धारच गेली. १९६७ पासून अधिकाऱ्यांना 'मर्यादित संरक्षण' मिळालं आणि १९८२ मध्ये ते आणखी घट्ट झालं. अगदी अशाच परिस्थितीत अशी कृती बेकायदा आहे असं आधीच्या निकालाने स्पष्ट झालेलं नसेल, तर अधिकारी सुटतो. म्हणजे अन्याय जितका नवा तितका तो सुरक्षित. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांवर दावा लावायची वाट १९७१ च्या बिव्हन्स खटल्याने उघडली होती, तीही २०२२ पर्यंत जवळपास बुजवून टाकली.

न्यू मेक्सिको राज्याने २०२१ मध्ये मला पटणारा मार्ग काढला. दावा शिपायावर नाही, संस्थेवर. पैसे संस्थेने द्यायचे, वीस लाख डॉलरची कमाल मर्यादा, आणि ते 'मर्यादित संरक्षण' या दाव्यांत चालत नाही. कोलोरॅडोने २०२० मध्ये अधिकाऱ्याच्या खिशालाही थोडा हात लावला. त्याने प्रामाणिकपणे वागल्याचं खात्यालाच वाटत नसेल, तर निकालाच्या पाच टक्के किंवा पंचवीस हजार डॉलर, जे कमी असेल ते त्याने भरायचं. घर विकावं लागत नाही, पण विसरताही येत नाही.

निवृत्त_फौजदार

संस्थेवर दावा, हे मला मान्य आहे. खरं तर माझ्यावर केस झाली तेव्हा खात्यावर झाली असती तर नऊ वर्षं मी एकटा एसटीत बसलो नसतो. आणि खात्याला खिशातून मोजावं लागलं असतं तर बंदोबस्ताच्या जागी किती माणसं द्यायची याचाही विचार झाला असता. आम्ही अकरा जण होतो.

सावित्रीकाठ

मी महाडची. 'नागरी हक्क' आणि 'दिवाणी दावा' हे शब्द एकत्र वाचले की आमच्याकडे एकच आठवतं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं नगरपालिकेचं होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने केला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो लागू केला होता. म्हणजे हक्क कागदावर होता. तो मोडला, सत्याग्रहींना गावात मारहाण झाली. मग दिवाणी कोर्टात कोण गेलं? सवर्ण गेले. तळं आमचं खासगी आहे, वहिवाट आमची आहे, आंबेडकरांना मनाई करा, असा दावा लावला, आणि १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरती मनाई मिळवली. म्हणून डिसेंबरच्या परिषदेत लोक तळ्याला वळसा घालून शांतपणे परत फिरले, पाणी घेतलं नाही. ज्यांचा हक्क मोडला ते प्रतिवादी होते. दहा वर्षं ते प्रतिवादीच राहिले. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी प्राचीन वहिवाट सिद्ध झालेली नाही. तळ्याच्या काठी उभं राहून मला नेहमी वाटतं की जिंकलो, पण 'माझं पाणी अडवलं, भरपाई द्या' असं म्हणायची जागा त्या कोर्टाने आम्हाला दिलीच नव्हती.

आता पुढे बघा. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा, १९७६ मध्ये त्याचं नाव झालं नागरी हक्क संरक्षण कायदा. त्यातलं कलम १३ वाचा. अस्पृश्यतेच्या आधाराने कुणी महाडसारखा दावा लावला तर दिवाणी कोर्टाने तो घ्यायचाच नाही. म्हणजे त्यांचं दार बंद केलं. आमचं दार मात्र त्या कायद्याने उघडलं नाही. ज्याच्या नावातच नागरी हक्क आहेत त्या कायद्यात भरपाईचा दिवाणी दावा नाही, आहे ती शिक्षा. फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र, साक्षीदार फितूर, निर्दोष मुक्तता. आमच्या तीन पिढ्यांना हा क्रम पाठ आहे.

माणदेशी

सावित्रीकाठ, हे मला माहीतच नव्हतं. कलम १३ बद्दल वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

सावित्रीकाठ

अजून एक सांगते, डोळ्यांनी बघितलेलं. आमच्या भागात गावकी घरं वाळीत टाकते. एका घराला, जमिनीच्या वादावरून, गिरणीवाल्याने भात भरडून द्यायचं बंद केलं. दुकानात मीठ मिळेना. घरातली म्हातारी भाताचं पोतं डोक्यावर घेऊन साडेतीन किलोमीटरवर दुसऱ्या गावच्या गिरणीत जायची, पावसात वर प्लास्टिक टाकून. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, २०१७ पासून लागू आहे, आणि तो करणारं आपलं राज्य पहिलं, याचा मला अभिमान आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि दंडातून पीडिताला भरपाई देता येते. पण दंड व्हायला आधी गुन्हा सिद्ध व्हायला हवा, तोही फौजदारी कसोटीवर, संशयाला जागा न ठेवता. 'त्या दिवशी गिरणी बंद होती' असं गिरणीवाला म्हणाला की संशय तयार. दिवाणीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. त्या म्हातारीला गिरणीवाला तुरुंगात नको होता. तिला वर्षभराची हमाली हवी होती आणि गावासमोर निकाल वाचून दाखवलेला हवा होता.

चाकांवर

मी व्हीलचेअर वापरतो, नाशिकला असतो. अपंगांच्या बाबतीत कोर्टाने काय केलं ते लिहितो. २०१२ मध्ये जीजा घोष यांना, सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी संबंधित, हालचालींचं अपंगत्व) आहे म्हणून, कोलकात्याला विमानातून उतरवलं. त्या स्वतः अपंग हक्कांच्या परिषदेला गोव्याला निघाल्या होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये कोर्टाने स्पाइसजेटला दहा लाख रुपये द्यायला लावले. प्रतिवादी खासगी कंपनी होती हे लक्षात घ्या.

पण हे मिळवायला थेट दिल्ली गाठावी लागली. माझ्या गावच्या बँकेला रॅम्प नाही, म्हणून मी पायरीखाली थांबतो आणि शिपाई स्लिप घेऊन आत जातो, सही बाहेर उन्हात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याखाली मी आयुक्तांकडे तक्रार करू शकतो, केलीही. शिफारस झाली. रॅम्पच्या जागी आता एक घंटी बसवलीय, ती वाजवायची. मी जिल्हा कोर्टात माझ्या नावाने दावा लावून 'अमुक दिवसांत रॅम्प, नाहीतर दरमहा इतके पैसे' असा हुकूम घेऊ शकलो असतो, तर बँकेने गणित मांडलं असतं.

एक_शंका

सगळं पटतंय, तरी विचारते. खासगी दाव्याचं हत्यार दोन्हीकडून चालतं ना? टेक्सासने २०२१ मध्ये गर्भपातावरचा कायदा असाच केला. सरकारने कारवाई करायचीच नाही, कुठल्याही नागरिकाने गर्भपाताला मदत करणाऱ्यावर दावा लावायचा, जिंकला तर किमान दहा हजार डॉलर. शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडलं. आणि कॅलिफोर्नियात अपंगांच्या सोयींबद्दल दर उल्लंघनामागे किमान चार हजार डॉलर आहेत, तर काही वकील रस्त्यावरची एकेक छोटी दुकानं मोजत दावे लावतात. आपल्याकडे तर वहिवाट आणि बांधावरून पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. हे वाढलं तर?

जुना_वकील

शंका रास्त आहे. पण टेक्सासच्या कायद्यात ज्याचं काहीच नुकसान झालेलं नाही त्याला दावा दिला. आपण इथे बोलतोय ते ज्याच्या अंगावर बेतलं त्याला दावा देण्याबद्दल. ही रेघ कायद्यात स्पष्ट ओढता येते. छोट्या दुकानदाराला आधी नोटीस आणि दुरुस्तीला मुदत देता येते. भेदभावाविरुद्ध दिवाणी कायद्याचा मसुदा आपल्याकडे झालाच नाही असंही नाही. शशी थरूर यांनी २०१६ चं समता विधेयक खासगी सदस्य म्हणून लोकसभेत मांडलं, ते तिथेच राहिलं.

शिकागोकरांना एक विचारतो. तिकडेसुद्धा कायद्यात लिहिलेलं नसताना कोर्टं असा दावा मान्य करतात का?

शिकागोकर

पूर्वी करायची, आता हात आखडता आहे. १९७९ मध्ये मेडिकलला प्रवेश नाकारलेल्या एका महिलेला कोर्टाने सांगितलं की शिक्षणातल्या लिंगभेदाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं नसलं तरी दावा लावता येतो. तीही शिकागोचीच. २००१ मध्ये उलट झालं. अलाबामाने वाहन परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत ठेवली, त्यावर मार्था सँडोव्हाल कोर्टात गेली. खालची दोन्ही कोर्टं तिच्या बाजूने. सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं, नियमाने असा परिणाम निषिद्ध असेलही, पण खासगी माणसाने त्यावर दावा लावावा असं काँग्रेसने म्हटलेलं नाही. एका निकालाने देशभरचे असे दावे थांबले. म्हणून म्हणतो, कोर्टाच्या कृपेवर राहू नका, कायद्यात लिहून घ्या: दावा कोण लावणार, कुणावर, किती मुदतीत, आणि वकिलाची फी कुणी द्यायची.

जुना_वकील

आपल्याकडे तर सरकारने उलटंच लिहून ठेवलं होतं. १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना भारताने नोंदवलं की बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा अंमलात आणण्याजोगा हक्क आमच्या कायद्यात नाही. चार वर्षांत रुदुल शाहचा निकाल आला. २०१८ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना पन्नास लाख मिळाले. पण आजही सरकारी वकिलाच्या कैफियतीत सार्वभौम सत्ता आणि कस्तुरीलाल येतातच, आणि तालुक्याच्या न्यायाधीशासमोर त्याचं उत्तर देण्यात दोन वर्षं जातात. तीन ओळींचा कायदा असता तर ती दोन वर्षं वाचली असती.

निवृत्त_फौजदार

माणदेशीताई, एक व्यवहाराची गोष्ट. स्टेशन डायरीत भावाचं नाव नसेल, पण त्या शनिवार-रविवारच्या ड्यूटी हजेरीची आणि डायरीची नक्कल मागा. कोण कुठे होतं हे त्यात दिसतं. बांगडीवाल्या मावशींचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, शटर किती वाजता ओढलं ते त्यांना आठवत असेल. आणि भावाला एकट्याला ठाण्यात पाठवू नका. कुणी सोबत नसेल तर मला निरोप टाका. मी सातारला असतो, येईन.

माणदेशी

सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

फुटेजचा अर्ज सोमवारी दिला. आवक कारकुनाने तीनदा विचारलं, कशाला पाहिजे. फौजदारकाका खरंच साताऱ्याहून आले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते बाजूला उभे राहिले. शिक्का मिळाला. अधीक्षक कार्यालयाची पोचही आली.

मावशींना वेळ आठवतेय, कारण पावणेसातची विट्याची गाडी लागत होती आणि त्यांचं एक गिऱ्हाईक घाईत होतं. प्रतिज्ञापत्र झालं.

काल विधी सेवा समितीत गेलो. भाऊ उत्पन्नाच्या मर्यादेत बसतो. वकील मॅडम तरुण आहेत. त्यांनी कलम ८० च्या नोटिशीचा मसुदा तिथेच लिहायला घेतला, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारला. दावा सरकारवर लावायचा, त्या दोघांवर नाही, असं भावानेच सांगितलं. फौजदारकाकांशी तो बाहेर चहाच्या टपरीवर बराच वेळ बोलत होता.

मॅडमनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो बोलला. मी उठून व्हरांड्यात गेले, कारण माझ्यासमोर त्याला जमलं नसतं. परत आले तेव्हा तो वकालतनामा भरत होता. धंदा या रकान्यात त्याने 'मोबाईल दुरुस्ती' लिहिलं आणि वादीच्या खाली पूर्ण नाव, मधलं बापाचं नाव दोनदा गिरवून.

नोटीस आज रजिस्टर पोस्टाने गेली. पोच आली की इथे कळवते.